फुकट कोर्सचे पैसे नेमके कोण भरतंय?

पत्र थोडक्यात: मुलगी लहान आहे म्हणून नोकरी सोडली, आता घरून काहीतरी काम सुरू करायचंय. मावसबहिणीने अ‍ॅफिलिएट मार्केटिंगच्या, म्हणजे दुसऱ्या कंपनीची वस्तू आपल्या लिंकवरून विकून कमिशन मिळवण्याच्या, एका फुकट ऑनलाइन कोर्सची लिंक पाठवली, पाच दिवसांचा होता, पूर्ण केला. पहिले दोन दिवस सरांची स्वतःची कहाणी आणि माइंडसेट, तिसऱ्या दिवशी विद्यार्थ्यांच्या कमाईचे स्क्रीनशॉट, चौथ्या दिवशी निश (म्हणजे आपला ठरावीक विषय) कशी निवडायची आणि लिंक कशी बनवायची, आणि पाचव्या दिवशी सांगितलं की खरं शिक्षण ‘अ‍ॅडव्हान्स’ प्रोग्राममध्ये आहे, आजच्या आज फी भरली तर निम्मी सूट. सर्टिफिकेटही मिळालं. बहीण म्हणते मी भरली, तूही भर. नवरा म्हणतो नेटवर फुकट मिळणारं सगळं फसवणूकच असतं. कोण बरोबर? आणि असे फुकट कोर्स खरे की खोटे हे ओळखायचं कसं? फी अजून भरलेली नाही.

ताई, फी भरायच्या आधी विचारलंत हे फार बरं केलंत. कोणीतरी ‘आजच्या आज’ म्हणत मागे लागलेलं असताना थांबणं सोपं नसतं, आणि सांगणारी आपलीच बहीण असेल तर अजूनच अवघड. म्हणून सगळ्यात आधी हे सांगते की आज काही भरू नका, ती सूट उद्याही असेल, परवाही असेल, का ते पुढे येईलच.

तुमच्या घरात दोन मतं पडलीत पण मला दोन्हीत एक गोष्ट सारखीच दिसते. नवरा म्हणतो फुकट आहे म्हणजे खोटं आहे. बहिणीला वाटतंय पाच दिवस फुकट शिकवलं म्हणजे माणसं चांगली आहेत. म्हणजे दोघंही ‘फुकट’ या एकाच गोष्टीवरून निकाल देतायत, आणि खरं सांगायचं तर त्यावरून काहीच ठरत नाही. कोर्स बनवायला वेळ लागतो, पैसा लागतो, जाहिरात करायला तर भरपूर लागतो, तो कोणीतरी कुठूनतरी भरून काढतोच. तेव्हा कोर्स खरा की खोटा हे विचारण्याआधी हे विचारा की याचे पैसे कोण भरतंय आणि शिकवणाऱ्याची कमाई नेमकी कशातून होते. याचं उत्तर मिळालं की निम्म्याहून जास्त गोष्टी आपोआप स्पष्ट होतात.

आता बघा, गूगल डिजिटल मार्केटिंगचं बरंच शिक्षण फुकट देतं कारण शिकलेली माणसं पुढे गूगलवर जाहिराती देतात. हबस्पॉट, सेमरश, अहरेफ्स या सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्या आहेत, त्यांचेही फुकट कोर्स आहेत, का तर शिकताना तुम्हाला त्यांच्या टूलची सवय लागते आणि त्यातले काहीजण पुढे ते विकत घेतात. यात लपवाछपवी काही नाही, कारण समोर दिसतंय, आणि तुम्ही पुढे काही विकत घेतलं नाही तरी शिकलेलं तुमच्याकडेच राहतं.

दुसरा प्रकार म्हणजे यूट्यूबवर किंवा स्वतःच्या ब्लॉगवर फुकट शिकवणारी माणसं. ती शिकवता शिकवता म्हणतात, या कंपनीचं होस्टिंग (वेबसाइट ठेवायची भाड्याची जागा) घ्या, हे ईमेल टूल घ्या, लिंक खाली दिलीये. त्या लिंकवरून तुम्ही घेतलं की त्यांना कमिशन मिळतं, म्हणजे ते जे शिकवतायत तेच करतायत आणि त्यात काही चूक नाही. फक्त त्यांनी ते उघड सांगायला हवं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचे, म्हणजे एफटीसीचे, याबाबत स्पष्ट नियम आहेत की शिफारस करणाऱ्याला पैसे मिळत असतील तर ते वाचणाऱ्याला सहज दिसेल असं सांगितलं पाहिजे. तेव्हा जो स्वतःच्या लिंकबद्दल हे सांगत नाही तो तुम्हाला तरी नीट सवय काय लावणार? आणि उघड सांगितलं असलं तरी थोडं सावध राहाच, एखादं होस्टिंग सगळेच ‘बेस्ट’ म्हणत असतील तर त्याचं कारण कधीकधी फक्त जास्त कमिशन असतं.

तिसरा प्रकार तुमचा, फुकट कोर्स हा दरवाजा आणि आत पैशांचा कोर्स. हाही मुळातच वाईट असं मी म्हणणार नाही, चांगले शिक्षकही आधी थोडं फुकट शिकवतात, आवडलं तर पुढे फी घेतात. प्रश्न असा आहे की आत गेल्यावर तुम्हाला काय विकायला शिकवणार आहेत.

या मुद्द्यावर जरा थांबते कारण माझ्या मते सगळं इथेच ठरतं. अ‍ॅफिलिएट मार्केटिंगचं काम तसं साधं आहे. एका कंपनीची वस्तू आहे, तुम्ही तिच्याबद्दल लिहिता किंवा व्हिडिओ करता, तुमच्या लिंकवरून कोणीतरी अनोळखी माणूस जाऊन ती घेतो, कंपनी तुम्हाला थोडं कमिशन देते. पैसा कुठून आला? ज्याला ती वस्तू हवी होती त्याच्याकडून. आता समजा अ‍ॅडव्हान्स प्रोग्राममध्ये शिकवतायत की विकायला सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे हाच अ‍ॅडव्हान्स प्रोग्राम, कारण त्यावर कमिशन सगळ्यात जास्त, तर मग पैसा कुठून येतोय? तुमच्यानंतर येणाऱ्या तुमच्यासारख्याच माणसाकडून, जो स्वतः कमवायलाच आलाय. त्याने कमवायचं तर त्याला अजून कोणीतरी शोधायचा. बाहेरचं गिऱ्हाईक त्यात कुठे नाहीच. ती साखळी कुठेतरी थांबते आणि जिथे थांबते तिथल्या सगळ्यांचे पैसे जातात, आणि शेवटी येणारे नेहमीच संख्येने जास्त असतात.

हे मी अंदाजाने सांगत नाहीये. माय ऑनलाइन बिझनेस एज्युकेशन नावाच्या कंपनीवर एफटीसीने जून २०१८ मध्ये खटला भरला. सुरुवात ४९ डॉलरच्या २१ पायऱ्यांच्या कोर्सने व्हायची, पायऱ्या चढता चढता हजारो डॉलरच्या मेंबरशिप घ्यायला लावायचे, आणि घेतलेल्यांनी कमवायचं कसं तर त्याच मेंबरशिप दुसऱ्यांना विकून. एफटीसीच्या म्हणण्यानुसार लोकांचे साडेबारा कोटी डॉलरहून जास्त गेले. २०२२ मध्ये त्यातले २ कोटी ३० लाखांहून थोडे जास्त डॉलर लोकांना परत मिळाले. म्हणजे सरकारी यंत्रणा मागे लागूनसुद्धा इतकेच. आणि त्या कोर्सलाही कोच होते, पायऱ्या होत्या, यशाच्या गोष्टी होत्या, बाहेरून बघणाऱ्याला ते शिक्षणच वाटत होतं.

म्हणून तुमच्या बहिणीला एकच प्रश्न विचारा, भांडायच्या सुरात अजिबात नको, सहज विचारा की तू फी भरल्यापासून काय विकलंस आणि कोणाला. तिने एखादी बाहेरची वस्तू, एखादं सॉफ्टवेअर, काहीतरी ज्याला हवं होतं त्याला विकलं असेल तर छान, ती कसं करते ते बघा आणि शिका. पण तिची आत्तापर्यंतची विक्री म्हणजे तुम्ही आणि अजून दोघी-तिघी नातेवाईक असतील तर उत्तर मिळालं. तुम्ही भरलेल्या फीतून तिला कमिशन मिळणार आहे का हेही विचारा. मिळणार असेल तर ती वाईट ठरत नाही हो, तिला तसंच शिकवलंय आणि तिला मनापासून वाटतही असेल की तुमचं भलं होतंय. पण तिचा सल्ला मग नुसता बहिणीचा राहत नाही, त्यात तिचे पैसे गुंतलेले असतात. आणि मला जरा भीती वाटते की तिने भरलेली फी वसूल व्हायची असेल तर तिला तुमची गरज आहे, असं असेल तर तिलाही आधाराची गरज आहे.

आता तुमचे पाच दिवस बघू. दोन दिवस कहाणी आणि माइंडसेट, एक दिवस स्क्रीनशॉट, एक दिवस विक्री. शिकवलं फक्त चौथ्या दिवशी. मी एक साधी पद्धत सांगते, कुठलाही व्हिडिओ संपला की तो बंद करा आणि कागदावर लिहा की आता मला असं काय करता येतं जे तासापूर्वी येत नव्हतं. ‘प्रेरणा मिळाली’ हे लिहायचं नाही, करता येणारी गोष्ट लिहायची. चांगल्या फुकट कोर्सनंतर कागदावर काहीतरी उतरतं, उदाहरणार्थ एखाद्या वस्तूबद्दल लोक सर्चमध्ये काय टाइप करतात ते शोधता येतं, कमिशनचा तक्ता वाचता येतो, लिंक कुठे लावायची आणि तिथेच डिस्क्लोजर, म्हणजे ‘यातून मला कमिशन मिळतं’ हे, कसं लिहायचं ते येतं. कागद कोराच राहत असेल तर तो कोर्स नव्हता, पाच दिवस चाललेली जाहिरात होती.

आणि काय सांगितलं नाही तेही बघा. अ‍ॅमेझॉनचा अ‍ॅफिलिएट प्रोग्राम १९९६ पासून चालू आहे, सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणून तोच घेते. त्यात सामील व्हायला काहीही पैसे लागत नाहीत. नवीन खातं उघडलं की १८० दिवसांत किमान तीन विक्री व्हाव्या लागतात नाहीतर खातं बंद होतं, आणि स्वतःच्याच लिंकवरून स्वतः घेतलेलं त्यात धरत नाहीत. तुमच्या लिंकवर कोणी क्लिक केलं तर साधारण २४ तासांत त्याने जे घेतलं त्याचंच कमिशन, त्या वेळात कार्टमध्ये टाकून ठेवलं असेल तर जरा जास्त मुदत मिळते. वस्तू परत गेली की कमिशनही परत जातं. आणि पैसे हातात कधी येतात, तर ज्या महिन्यात कमावले तो महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी. आता तुम्हीच हिशोब करा, जानेवारीत पहिली विक्री झाली तर पैसे मार्चच्या शेवटी, मग ‘पहिल्या आठवड्यात बँकेत पैसे’ वाला स्क्रीनशॉट कुठल्या कामाचा असेल? प्रत्येक प्रोग्रामचे नियम वेगळे असतात हे खरं, पण कुकी (कोण कुठल्या लिंकवरून आलं याची ब्राउझरमधली नोंद), मुदत, रिटर्न, पैसे मिळायची तारीख हे शब्दसुद्धा पाच दिवसांत आले नसतील तर शिकवणाऱ्याला शिकवायचंच नव्हतं.

कोर्स किती जुना आहे तेही बघायला हवं, कारण कोर्स अगदी प्रामाणिक असला तरी शिळा असू शकतो. एप्रिल २०२० मध्ये अ‍ॅमेझॉनने अमेरिकेत फर्निचरवरचं कमिशन ८ टक्क्यांवरून ३ वर आणलं आणि किराण्याचं ५ वरून १ वर. त्याआधीचे आकडे दाखवून कोणी कमाईचं गणित मांडत असेल तर ते गणित आज जुळणार नाही. तसंच गूगलने २०२१ पासून प्रॉडक्ट रिव्ह्यूंसाठी खास अपडेट, म्हणजे सर्चच्या पद्धतीत बदल, आणले, वस्तू न वापरता कंपनीचं वर्णन उचलून बनवलेली पानं सर्चमध्ये खाली जायला लागली. अजूनही ‘दिवसाला दहा रिव्ह्यू कॉपी-पेस्ट करा’ असं शिकवणारे कोर्स फिरतायत, त्यांच्या नादाला लागून कोणाचे कष्ट वाया गेले की मला खरंच वाईट वाटतं.

सूट उद्याही असेल असं मी म्हटलं ना, ते तुम्ही स्वतःच तपासा, दोन मिनिटांचं काम आहे. फीचं पान उघडा, त्यावर घड्याळ उलटं चालताना दिसेल, किती वेळ उरलाय ते लिहून ठेवा. मग ब्राउझरची इन्कॉग्निटो विंडो उघडून तीच लिंक टाका. घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं तर समजून जा की ती मुदत खरी नाही, पान उघडणाऱ्या प्रत्येकासाठी ती नव्याने सुरू होते. तसंच वेबॅक मशीन नावाची साइट आहे, तिथे जुनी वेबपानं साठवलेली असतात, त्यात या पानाचा पत्ता टाकून बघा, काही महिन्यांपूर्वीही ‘शेवटचा दिवस’ होता का ते बरेचदा दिसतं. ‘लाइव्ह’ वेबिनारचंही तसंच. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या ईमेलने परत बसा, बाजूच्या चॅटमध्ये तीच नावं त्याच मिनिटाला तेच ‘वा सर’ लिहीत असतील तर ते रेकॉर्डिंग आहे. रेकॉर्डिंग असणं गुन्हा नाही, पण लाइव्ह म्हणून खोटं सांगणाऱ्याच्या बाकीच्या शब्दावर विश्वास कशाला ठेवायचा?

स्क्रीनशॉटबद्दल फार लिहीत नाही. वेबपानावरचा आकडा ब्राउझरमध्येच कोणालाही बदलता येतो, आणि खरा असला तरी त्यात जाहिरातीचा खर्च किती गेला, रिटर्न किती आले हे दिसत नाही. त्यापेक्षा सरांना विचारा की तुमची अशी एखादी साइट किंवा चॅनेल दाखवा जिथे तुम्ही हा कोर्स सोडून दुसरं काहीतरी अ‍ॅफिलिएट म्हणून विकता. खरोखर काम करणारा माणूस सगळं नाही पण काहीतरी दाखवतोच. ‘ते गुपित आहे, अ‍ॅडव्हान्समध्ये दाखवू’ असं उत्तर आलं तर अजून एकदा विचारायचीही गरज नाही.

सर्टिफिकेट जपून ठेवा, पाच दिवस वेळ काढलात त्याचं आहे, पण त्याला नोकरीच्या बाजारात किंमत किती ते देणाऱ्यावर अवलंबून असतं. आणि अ‍ॅफिलिएट प्रोग्राममध्ये सामील होताना कोणीच सर्टिफिकेट मागत नाही, ते तुमची साइट किंवा चॅनेल बघतात.

अजून एक गोष्ट, जरा हळू सांगते. तुमच्या पत्रात असं गृहीत धरलंय की कोर्स खरा निघाला तर कमाई होईल. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. अगदी उत्तम कोर्स करूनही बरेच महिने हातात काही येत नाही कारण वाचणारे, बघणारे लोक जमायलाच वेळ लागतो, आणि अनेकांचं पुढेही थोडक्यावरच राहतं. तुम्हाला घरखर्चासाठी लवकर आणि नियमित पैसे हवे असतील तर हा मार्ग त्यासाठी नाही, मग तुमच्या आधीच्या नोकरीतलं कौशल्य वापरून घरून पार्ट टाइम किंवा फ्रीलान्स काम शोधणं मला जास्त बरोबर वाटतं. पण घर चालतंय, थोडा वेळ आहे, एखाद्या विषयात मनापासून रस आहे आणि हळूहळू काहीतरी उभं करायचंय असं असेल तर जरूर करा, फक्त फी न भरता करा.

म्हणजे कसं, तर एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीचा फुकट कोर्स घ्या, एकच, चार घेऊ नका. ज्या अ‍ॅफिलिएट प्रोग्राममध्ये जायचंय त्याचे नियम त्यांच्याच साइटवर वाचा, कंटाळवाणे असतात पण सगळ्यात खरं शिक्षण तेच आहे आणि तेही फुकट. मग स्वतः वापरलेल्या दोन-तीन वस्तूंबद्दल प्रामाणिकपणे लिहा किंवा व्हिडिओ करा. मुलीच्या निमित्ताने तुम्ही कितीतरी गोष्टी घेतल्या असतील, काही उपयोगी पडल्या, काही नुसत्या पडून राहिल्या, आणि ‘पडून राहिली’ हे सांगणारा रिव्ह्यू लोकांना फार हवा असतो. अ‍ॅमेझॉनसारख्या ठिकाणी १८० दिवसांची अट असते म्हणून खातं लगेच उघडू नका, आधी थोडे वाचणारे येऊ देत. दोन-तीन महिने असं केल्यावर नेमकं कुठे अडतंय ते कळेल आणि पुढे कधी पैशांचा कोर्स घ्यायचा झालाच तर तेवढ्या अडलेल्या गोष्टीपुरता घ्याल.

आणि इतकं सगळं वाचूनही हाच प्रोग्राम घ्यावासा वाटला तर तीन गोष्टी लेखी मागा: पूर्ण अभ्यासक्रम, रिफंडच्या अटी, आणि आधीच्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांनी हा प्रोग्राम न विकता कमाई केली. रिफंडच्या अटीत ‘सगळे व्हिडिओ बघून सगळा गृहपाठ केल्याचा पुरावा द्या’ असं काही असेल तर तो रिफंड मिळणार नाही असंच धरून चला. कर्ज काढून किंवा हप्त्यावर फी भरू नका. फुकट ट्रायलसाठी कार्ड नंबर मागत असतील तर ट्रायल संपल्यावर आपोआप किती कापणार ते आधी वाचा. आणि ‘मदत करतो’ म्हणून कोणी तुमचा स्क्रीन हातात घेऊ पाहत असेल किंवा ओटीपी विचारत असेल तर तिथेच फोन ठेवा.

हे वाचणाऱ्यांमध्ये अशी फी भरून बसलेलेही असतील, कदाचित तुमची बहीणसुद्धा. त्यांनी लाजून गप्प बसू नका. फीचं पान, चॅट, पावती, दिलेली आश्वासनं यांचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा कारण अशी पानं गायब होतात. रिफंड ईमेलवर मागा, फोनवर नको. कार्डने भरले असतील तर कार्ड देणाऱ्या बँकेला लगेच कळवा आणि व्यवहारावर तक्रार नोंदवा, याला मुदत असते. दर महिन्याला आपोआप कापायची परवानगी दिली असेल तर ती बंद करा. त्यानंतर काही दिवसांनी एखादा अनोळखी फोन येऊ शकतो की तुमचे बुडालेले पैसे आम्ही मिळवून देतो, फक्त आधी थोडी फी भरा. फसलेल्या लोकांच्या याद्या विकल्या जातात आणि हे फोन त्यावरूनच येतात, तेव्हा त्यांनाही काही भरू नका. तुमच्या बहिणीने भरलेल्या फीला अजून फार दिवस झाले नसतील तर तिच्या बँकेला आधी कळवा, तुमच्या दोघींचं बाकी बोलणं नंतर निवांत होईल.